रविवार नसलेले काम : वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांच्या विसाव्याचा इतिहास

१/१८
१० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळू लागली. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन'च्या द्वारे चालवलेला लढा होता. हा प्रसंग इतिहासाच्या वाचकांना परिचित आहे. त्याच मुंबईत एका कामाला मात्र आजही रविवार नाही. ते काम म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृती हरपत चाललेल्या वृद्धाची घरातील शुश्रूषा. आजचा धागा त्या कामाला मिळालेल्या, आणि बहुधा न मिळालेल्या, विश्रांतीविषयी आहे.

२/१८
या विश्रांतीच्या व्यवस्थेला इंग्रजीत 'रेस्पाइट केअर' म्हणतात. तिचा अर्थ समजण्यासाठी पुन्हा गिरणीकडेच वळावे लागेल. नेहमीचा कामगार आला नाही, तर साच्यावर बदली कामगार उभा राहत असे. मालकांनी ही पद्धत दयेपोटी चालवली नव्हती, साचा थांबू नये एवढाच त्यांचा हिशेब होता. तरी माणूस रोज उभा राहू शकत नाही, हे वास्तव तिने मान्य केले होते. रेस्पाइट म्हणजे शुश्रूषेला मिळालेली बदली. काही तास घरी येणारा मदतनीस, दिवसभराचे केंद्र किंवा काही दिवसांचा निवास, अशी तिची तीन रूपे आहेत. वृद्ध माणूस पुन्हा आपल्या घरी परतणार, हे तिन्हींत गृहीत असते. वृद्धाश्रम आणि रेस्पाइट यांतील मूळ फरक हाच.

३/१८
हा प्रश्न नवा असला, तरी त्याची बीजे मुंबईच्या उत्तर उपनगरांच्या परिसरातच फार जुन्या काळात दिसतात. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपारा येथे, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. याच लेखाचा इतरत्र मिळालेला पूर्ण पाठ सांगतो, की राजाने विहारयात्रा सोडून धर्मयात्रा सुरू केली आणि त्या यात्रेत वृद्धांची भेट घेऊन त्यांना सुवर्णदान केले जाई. राजसत्तेने वृद्धांसाठी काही करावे, या कल्पनेचा हा आपल्या भूमीतील फार जुना लेखी पुरावा. मात्र त्यात वृद्ध आहे आणि दाता आहे, शुश्रूषा करणारा नाही.

४/१८
शुश्रूषा करणारा दिसतो तो बौद्ध विनयग्रंथात. अंधेरीची महाकाली लेणी आणि बोरिवलीच्या उद्यानातील कान्हेरी लेणी हे बौद्ध भिक्षूंचे निवास होते. घर सोडून आलेल्या या माणसांना आजारपणात सांभाळायला आप्त नव्हते. विनयपिटकाच्या महावग्गातील कथा अशी : अतिसाराने ग्रस्त झालेला एक भिक्षू आपल्याच घाणीत पडून होता आणि इतरांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. बुद्धांनी आनंदाच्या साहाय्याने त्याला स्वतः स्नान घातले आणि भिक्षूंनी परस्परांची सेवा करावी असा दंडक घातला.

५/१८
त्याच प्रकरणात पुढे दोन विलक्षण गोष्टी येतात. सेवा करण्यास योग्य माणसाचे गुण सांगितले आहेत, तसेच ज्याची सेवा करणे अवघड जाते अशा रुग्णाची लक्षणेही सांगितली आहेत. म्हणजे रुग्ण कधीकधी जड जातो, हे तेथे उघडपणे नोंदले गेले. दुसरे असे, की मृत भिक्षूचे चीवर आणि पात्र त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे असा नियम झाला. चीवर आणि पात्र ही भिक्षूची जवळजवळ सगळी मालमत्ता. शुश्रूषा हे श्रम आहेत आणि त्या श्रमांना हक्क आहे, असे मानणारा हा नियम होता. गृहस्थांच्या जगाला असा विचार करायला पुढे फार काळ लागला.

६/१८
'पूर्वी एकत्र कुटुंबात सगळे आनंदाने होत असे' हे विधान इतिहासाच्या कसोटीवर अर्धेच टिकते. १९४१-५१ या दशकात भारतातील सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. बालमृत्यूंमुळे ही सरासरी खाली ओढली गेली होती हे खरे, तरीही वार्धक्य गाठणारे थोडे आणि दीर्घ परावलंबी वार्धक्य जगणारे त्याहून थोडे होते. १९६१ च्या जनगणनेत साठीपुढील व्यक्ती लोकसंख्येच्या ५.६ टक्के होत्या. २०११ मध्ये हे प्रमाण ८.६ टक्के, म्हणजे सुमारे १०.३८ कोटी माणसे इतके झाले. महाराष्ट्रात ते ९.९ टक्के होते.

७/१८
तरी जुन्या घरांत विसाव्याच्या दोन रीती होत्या. पहिली रीत पाळीची : आई-वडील काही महिने थोरल्याकडे आणि काही महिने धाकट्याकडे राहत. दुसरी माहेरपणाची : सून चार दिवस माहेरी जाई आणि तेवढ्यापुरता सासू-सासऱ्यांचा भार जाऊ, नणंद किंवा शेजारीण उचलत असे. या रीती सर्वांना लाभत नव्हत्या. पाळी हे अनेकदा भांडणाचे मूळ ठरे, आणि माहेरपण मिळणे सासरच्या मर्जीवर अवलंबून असे. पण दोन्हींमागची अट एकच होती. घरात बदलीला माणूस हवा.

८/१८
उपनगरांनी नेमकी हीच अट मोडली. १९५० मध्ये अंधेरीचा परिसर बृहन्मुंबईत आला आणि १९५७ मध्ये हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. पुढील दशकांत गिरगाव, परळ, दादरच्या चाळींतील कुटुंबे बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या सदनिकांत स्थिरावली. चाळीच्या सामाईक गॅलरीत म्हाताऱ्या माणसावर दहा घरांची नजर असे. सदनिकेचे दार बंद असते. वन रूम किचनमध्ये आजारी सासऱ्यांची खाट आणि मुलांचा अभ्यास एकाच खोलीत आला. कमावती सून सकाळच्या लोकलने फोर्टकडे निघाली. पाळीला भाऊ उरला तर तो पुण्यात नाहीतर परदेशात होता.

९/१८
त्या काळात मुंबईत वृद्धांसाठी संस्था होत्या, पण त्यांची घडण वेगळ्या हेतूने झाली होती. अंधेरीच्या महाकाली मार्गावरच अशा दोन खुणा आहेत. ब्रिटिश वैमानिक लिओनार्ड चेशायर यांनी १९५५-५६ च्या सुमारास भारतातील पहिले चेशायर होम, 'बेथलेहेम हाउस', येथे सुरू केले. ते दीर्घ आजारी व अपंग व्यक्तींसाठी होते. जान ज्युगाँ यांनी १८३९ मध्ये फ्रान्समध्ये सुरू केलेल्या 'लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर' या संघाचे निराधार वृद्धांसाठीचे घरही याच भागात आहे. 'ज्याला कोणी नाही' त्याच्यासाठी हे दरवाजे उघडे होते. ज्याला कोणीतरी आहे, पण ते कोणीतरी थकले आहे, त्याच्यासाठी दरवाजा नव्हता.

१०/१८
मराठी रंगभूमीने हा विषय घरोघरी नेला. १९७० मध्ये 'नटसम्राट' रंगमंचावर आले. त्याच दशकात जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'ने मुले दूर असलेल्या दांपत्याचे एकाकीपण दाखवले. दोन्ही नाटकांनी पिढ्यांना हेलावले. परंतु त्यांच्या छायेत जी सार्वजनिक चर्चा रूढ झाली, तिच्यात दोनच पात्रे उरली : दुखावलेले आई-वडील आणि कृतघ्न मुले. भाषेतही तेच मुरले. मुलाला वसतिगृहात 'ठेवतात', पण आईला वृद्धाश्रमात 'टाकतात'. तीन वर्षे रात्री जागून काढणारी सून आठ दिवस कोणाची मदत मागू लागली, तर तिच्यासाठीही हेच क्रियापद तयार असे.

११/१८
याच सुमारास ब्रिटनमध्ये वेगळी वाट फुटत होती. १९५७ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात डॉ. डी लार्गी यांनी एका योजनेचे वर्णन केले. वृद्ध रुग्णाने सहा आठवडे रुग्णालयात आणि सहा आठवडे घरी राहावे, जेणेकरून रुग्णाचे पुनर्वसन होईल आणि नातेवाइकांना मोकळीकही मिळेल. मराठी घरांतील पाळीच ही, फक्त दुसऱ्या भावाच्या जागी रुग्णालय आले. १९६३ मध्ये मेरी वेबस्टर या धर्मोपदेशक स्त्रीने वृत्तपत्रांतून आपल्यासारख्या अविवाहित मुलींची व्यथा मांडली. आई-वडिलांच्या सेवेसाठी तिने काम सोडले होते. प्रतिसाद इतका मिळाला, की १९६५ मध्ये अशा स्त्रियांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

१२/१८
१९७४ मध्ये इंग्लंडमधील रग्बी येथे 'क्रॉसरोड्स' योजना सुरू झाली. तिचे नाव दूरचित्रवाणी मालिकेवरून आले होते. मालिकेतील चाकाच्या खुर्चीतील पात्राने घरगुती शुश्रूषेचा विषय लोकांपुढे आणला आणि वाहिनीने दिलेल्या १०,००० पौंडांतून प्रशिक्षित मदतनीस घरी पाठवण्याचा प्रयोग उभा राहिला. १९९५ मध्ये शुश्रूषा करणाऱ्याच्या गरजांचे स्वतंत्र मूल्यमापन व्हावे, असा कायदा ब्रिटनने केला. जपानने १९७८ मध्ये अल्पकालीन निवासाची योजना सुरू केली आणि २००० मध्ये तिला दीर्घकालीन शुश्रूषा विम्यात स्थान दिले. या देशांत प्रश्न 'मुले कर्तव्य करतात का' येथून 'करणारा टिकेल कसा' येथे सरकला.

१३/१८
भारतात कायद्याचा प्रवास कर्तव्याच्याच दिशेने झाला. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी अपत्यांवर टाकली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तीत आई-वडिलांना पोटगीचा हक्क दिला. १९८७ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विवाहित मुलीवरही ही जबाबदारी असल्याचे ठरवले. २००७ च्या कायद्याने न्यायाधिकरणे आणली, दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्त्याची तरतूद केली आणि ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, सांगितले.

हे कायदे आवश्यक होते. परंतु २००७ च्या कायद्यातील 'अपत्य' या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात आहेत. बहुसंख्य घरांत प्रत्यक्ष शुश्रूषा करणारी सून तिच्यात नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात सून आणि जावई आले, तेही जबाबदारीच्या यादीत.

१४/१८
विसाव्याचा सरकारी उल्लेख १९९९ मध्ये सापडतो. त्या वर्षीच्या राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक धोरणात, कुटुंबीयांना बाहेर जावे लागल्यास थोडा दिलासा मिळावा म्हणून वृद्धांच्या अल्पकालीन निवासाच्या सोयींना साहाय्य करण्याचे म्हटले आहे. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय न्यास कायद्यात 'रेस्पाइट' हा शब्दच आहे, पण तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगत्व असलेल्या व्यक्तींसंदर्भात. २००८ मध्ये वृद्धांसाठीच्या केंद्रीय अनुदान योजनेत सुधारणा झाली आणि रेस्पाइट केंद्रे व डिमेन्शियाग्रस्तांची दिवसकेंद्रे यांची नावे तीत आली. रेस्पाइट केंद्रांचा भर गंभीर आजारी वृद्धांच्या सततच्या शुश्रूषेवर होता. घरी थकलेला माणूस अजूनही कडेलाच होता.

१५/१८
उपनगरांत खरी वाट खालून पडली. १९८० मध्ये महाराष्ट्रातील ज्येष्ठ नागरिक संघांचा 'फेस्कॉम' हा महासंघ स्थापन झाला. संघांच्या सभागृहांनी आणि विरंगुळा केंद्रांनी घरांना दिवसातले दोन तास मोकळे करून दिले. मात्र तेथे पोहोचण्यासाठी वृद्धाचे पाय आणि स्मृती शाबूत असावी लागे. १९८६ मध्ये वांद्रे येथे डॉ. एल. जे. डिसोझा यांनी 'शांती अवेदना' हे भारतातील पहिले हॉस्पिस उघडले. ते कर्करोगाच्या अंतिम अवस्थेतील रुग्णांसाठी होते, पण रुग्णाबरोबर कुटुंबही थकते, हे त्याने शहराला शिकवले.

१९९२ मध्ये केरळात डॉ. जेकब रॉय यांनी अल्झायमर रुग्णांच्या कुटुंबांसाठी 'एआरडीएसआय' ही संस्था काढली. तिच्या शाखा पुढे मुंबईसह अनेक शहरांत पसरल्या. १९९५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'डिग्निटी फाउंडेशन'ने डिमेन्शियाग्रस्तांसाठी दिवसकेंद्राचा मार्ग धरला. मीरा रोडहून काम करणाऱ्या 'सिल्व्हर इनिंग्ज'ने २००८ पासून शुश्रूषा करणाऱ्यांनाच बोलते केले आणि पुढे नालासोपाऱ्याजवळ राजोडी येथे निवासी सोय उभी केली. अशोकाचा तुकडा जेथे सापडला, त्याच परिसरात.

१६/१८
बहुतेक घरांना मात्र विसावा संस्थेकडून मिळाला नाही, तो ब्युरोकडून मिळाला. बारा किंवा चोवीस तासांच्या पाळीवर येणाऱ्या 'मावशी' हीच उपनगरांची खरी रेस्पाइट सेवा. कूस बदलणे, भरवणे, लंगोट बदलणे, रात्री जागणे हे कौशल्याचे काम त्या बहुधा प्रशिक्षणाविना, पाहून पाहून शिकल्या. २००८ मध्ये महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण या कामाच्या तासांचा, सुटीचा आणि प्रशिक्षणाचा प्रश्न बराचसा ब्युरो आणि घर यांच्या बोलीवरच राहिला. एका स्त्रीला मिळालेला रविवार दुसरीच्या रविवारातून वजा झाला. मावशींच्या घरीही कोणी म्हातारे माणूस असते, आणि त्याची बदली कोण करते, हे सहसा विचारले जात नाही.

१७/१८
ही व्यवस्था किती नाजूक होती, ते मार्च २०२० मध्ये दिसले. लोकल थांबल्या, सोसायट्यांची फाटके बंद झाली आणि मावशींची वाट तुटली. १५ जूनला लोकल फक्त अत्यावश्यक सेवेसाठी सुरू झाली. सर्वसामान्यांना, तेही ठरावीक वेळांत, १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत थांबावे लागले. जे हात मदतीला येत होते ते रेल्वेच्या रुळांवरून येत होते, आणि त्यांना पर्याय म्हणून वॉर्डात काहीही नव्हते.

आकडे हेच सांगतात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्या माणसांची विनामोबदला देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे आणि पुरुष ७६ मिनिटे देत होते. यात मुलांची देखभालही आली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज दिला. केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून मुलांच्या संगोपनासाठी ७३० दिवसांपर्यंत रजा मिळते. आई-वडिलांच्या शुश्रूषेसाठी तशी स्वतंत्र रजा त्या वेळी निर्माण झाली नाही.

१८/१८
'रेस्पाइट'साठी मराठीत शब्द शोधायला दूर जावे लागत नाही. देहू-आळंदीहून पंढरपूरकडे निघालेल्या पालख्यांच्या वाटेवर ठरावीक ठिकाणी 'विसावा' असतो. तेथे पालखी टेकते, वारकरी पाणी पितात, पाय मोकळे करतात आणि पुन्हा चालू लागतात. पालखी टेकली म्हणून वारी सोडली, असे कोणी म्हणत नाही. विसाव्याची जागा आधीपासून ठरलेली असते, म्हणूनच एवढी लांब वाट पार पडते.

लोखंडे यांना रविवारची सुटी मिळवायला सहा वर्षे लागली. कामगार आळशी आहेत असे तेव्हा म्हणणारे होतेच, आज थकलेल्या सुनेला निष्ठुर म्हणणारे आहेत तसेच. फरक एवढाच, की गिरणी कामगार मैदानात एकत्र जमू शकत होते. शुश्रूषा करणारी माणसे आपापल्या बंद दारांआड विखुरलेली आहेत आणि सभेला जायलाही त्यांना बदली मिळत नाही. १९९९ च्या धोरणातील त्या एका वाक्याला पाव शतक उलटून गेले आहे. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या प्रत्येक वॉर्डात दहा खाटांचे विसावागृह असावे, एवढीच त्याची साधी फोड करता येते.